व्हेस्पिक्वेन: नाव गांधीलमाशीचं, कारभार मधमाशीचा

प्रश्न असा: पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या इटालियन आवृत्तीत राणीमाशीसारख्या पात्राचं नाव आहे व्हेस्पिक्वेन, ते आलं कुठून? इंग्रजीतही हेच, स्पेलिंगसकट. मग इटालियन नावाची वेगळी व्युत्पत्ती ती काय असणार? पण नाव तेच राहिलं तरी ऐकणारा कान बदलतो, आणि इटालियन कानाला या नावात मधमाशी ऐकूच येत नाही.

'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी. लॅटिनमध्ये होता तसाच हा शब्द इटालियनमध्ये उतरला. मधमाशीला 'आपे' म्हणतात, राणीमाशीला 'आपे रेजिना'. हा फरक तिथल्या रस्त्यांवरसुद्धा दिसतो: पियाजिओची १९४६ची स्कूटर 'व्हेस्पा', तर १९४८ची मालवाहू तीनचाकी 'आपे'.

आता नावाची फोड. 'व्हेस्पा'चा शेवटचा 'आ' जाऊन 'इ' आला. लॅटिन वळणाच्या समासांत हे नेहमीचंच. पुढे 'क्वीन', पण त्यातला एक 'ई' गाळलेला. जागा अपुरी पडली म्हणून तो गाळला, असं समजू नका. हे पात्र आलं त्या काळी रोमन लिपीतल्या नावाला १० अक्षरांची मर्यादा होती, आणि दोन्ही 'ई' ठेवून मोजलं तर अक्षरं बरोब्बर १० भरतात. म्हणजे पूर्ण 'क्वीन' बसत होतं, तरी छाटलं.

गांधीलमाशी मुळात नव्हतीच. हे पात्र २००६ साली जपानमध्ये डायमंड आणि पर्ल या खेळांत आलं, तेव्हा त्याचं नाव होतं 'बीकुइन': सरळसरळ इंग्रजी 'बी' आणि 'क्वीन'. फ्रेंचांनी 'आपिरेन' केलं, त्यात 'आपिस' म्हणजे लॅटिन मधमाशी आणि 'रेन' म्हणजे राणी. जर्मन 'होनवायझेल'मध्ये मध आहे आणि राणीमाशीसाठीचा खास शब्द 'वायझेल'. गांधीलमाशी घुसली ती इंग्रजी नावात, आणि इटालियनने ते जसंच्या तसं उचललं. इटालियन आवृत्ती सहसा नावं बदलत नाही. इंग्रजी 'टाइप: नल'चं 'तीपो झेरो' किंवा २०२२च्या 'ग्रेट टस्क'चं 'ग्रांदिझान्ने' हे अपवाद.

मग हा प्राणी नक्की कोण? पोटाचा झगा षटकोनी कप्प्यांचा आणि त्यात अळ्या. एवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण गांधीलमाशीही षटकोनी घरं बांधून त्यातच अळ्या वाढवते. फरक साहित्याचा: तिची घरं चघळलेल्या लाकडाच्या कागदासारख्या लगद्याची, मधमाशीची मेणाची. आणि मधाचे साठे भरलेलं पोळं ही मधमाशीची ओळख. व्हेस्पिक्वेनचं आधीचं रूप कोंबी पाहिलं की शंका उरत नाही. मधाच्या तीन कप्प्यांना तीन चेहरे, आणि नावातच 'कोंब' म्हणजे पोळं अधिक 'बी'. जपानी 'मित्सुहनी'त मध दोनदा येतो, जपानी 'मित्सु' आणि इंग्रजी 'हनी', शिवाय 'मित्सु'त तीनचाही आवाज आहे.

कोंबीची व्हेस्पिक्वेन होते २१व्या पातळीला, पण फक्त मादीची. मादीची खूण म्हणजे खालच्या चेहऱ्याच्या कपाळावरचा लाल ठिपका. तो न पाहता नराला वाढवत बसलात, तर १००व्या पातळीलाही तो कोंबीच राहतो. माद्या फक्त १२.५ टक्के, म्हणजे आठात एक. खऱ्या पोळ्यात हे उलट असतं: कामकरी माश्या सगळ्या माद्या, नर मोजके.

इटालियन मन कुठे बोलतं ते पाहायचं असेल, तर प्राण्यांची नावं सोडून हल्ल्यांची आणि क्षमतांची नावं बघावीत, कारण ती भाषांतरित होतात. व्हेस्पिक्वेनचे तीन हुकूम तिथे 'कोमांदोउर्तो', 'कोमांदोस्कूदो' आणि 'कोमांदोकूरा' आहेत: धडक, ढाल, उपचार. सगळ्यात सुंदर शब्द मात्र कोंबीच्या क्षमतेच्या वाट्याला आलाय, 'मिएलिन्चेत्ता'. 'मिएले' म्हणजे मध, 'इन्चेत्ता' म्हणजे साठेबाजी. कोंबीच्या हातात दुसरी वस्तू नसेल तर लढाईनंतर तिला मध मिळण्याची शक्यता असते: १०व्या पातळीपर्यंत ५ टक्के, पुढे दर दहा पातळ्यांना ५ने वाढत ९१पासून ५० टक्के. मध हवा असेल तर मादीलाही २१ला बदलू देऊ नका, कारण राणी झाली की ही क्षमता जाते आणि तिच्या जागी 'प्रेस्सिओने', म्हणजे दबाव येतो.