तुम्ही विचारलंत म्हणून: मी लॉग का वाचत बसतो

"एवढे छान डॅशबोर्ड असताना तुम्ही काळ्या पडद्यावर लॉग का वाचत बसता?" भुसावळचे ग्राहक विचारतात, जळगावच्या कॉलेजातून येणारी शिकाऊ मुलं विचारतात, मेहुणे तर दर दिवाळीला विचारतात. "सवय आहे," म्हणून मी विषय संपवत आलो. ते खरं उत्तर नाही. (लॉग म्हणजे मशीनने स्वतःच ओळीओळीने, वेळेसकट लिहिलेली नोंदवही.)

डॅशबोर्डशी, म्हणजे मशीनची तब्येत आलेखात दाखवणाऱ्या पडद्याशी, माझं भांडण नाही. मीच ते बसवून देतो. मशीन बंद पडलं हे डॅशबोर्ड चोख सांगतो. कसं पडलं हे विचारलं की तिथे फक्त तुटलेली रेघ दिसते. आणि त्या 'कसं'पायी एका पोराचं काम गेलेलं मी पाहिलंय.

सावद्याकडे एका केळी व्यापाऱ्याचा वजनकाटा आहे. मे महिना, माल जोरात, आणि काट्याचा हिशेब ठेवणारा सर्व्हर भर दुपारी बंद पडायचा. काट्यावरचा मुलगा पारोळ्याकडचा. जेवणाच्या वेळी खोलीत तो एकटाच असायचा, म्हणून मालकांनी ठरवून टाकलं होतं की हाच बटण दाबतो आणि तेवढ्यात कागदावर खोटी वजनं चढवतो. मला बोलावलं होतं ते कारण शोधायला नाही, पुरावा काढून द्यायला. मुलगा दारातच उभा होता. "मी काहीच करेल नही, दादा," एवढंच म्हणाला.

मी मागच्या बूटचा, म्हणजे मशीन मागच्या वेळी सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंतचा, जर्नल (लिनक्सचा मुख्य लॉग) उघडला: जर्नलसीटीएल -बी -१. मग -२, मग -३. काही सिस्टिमवर हा जर्नल नुसता मेमरीत राहतो आणि रीस्टार्ट झाला की गेला. तो डिस्कवर टिकावा म्हणून /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी मी पहिल्याच दिवशी करून ठेवतो. शेवटच्या ओळी बघायच्या असतात. लाईट गेली आणि यूपीएसही संपला, तर लॉग मध्येच तुटतो आणि पुढची ओळ थेट नव्या बूटची येते. बटण दाबून धरलं तरी तसाच तुटतो. बटण नुसतं दाबलं, तर 'पॉवर की दाबली' अशी नोंद पडते आणि मग एकेक सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) थांबत जाते. कुणी सुडो (वरच्या अधिकाराने हुकूम चालवणारी आज्ञा) लावून बंद केलं, तर त्या ओळीत त्याचं युजरनेम असतं. इथे यातलं काहीच नव्हतं. होती ती कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, ओळ: तापमान धोक्याच्या मर्यादेवर, मशीन बंद करत आहे. त्याखाली सर्व्हिसेस रांगेने थांबलेल्या. प्रत्येक वेळी हेच. वर पत्रे, बाहेर ४५ अंश, पंख्याच्या जाळीत धुळीचा थर. प्रोसेसर जळू नये म्हणून मशीनच स्वतःला बंद करत होतं.

मी एकेक ओळ मराठीत सांगितली, वेळेसकट. मालक म्हणाले, "ही तुमची कॉम्प्युटरची भाषा, आम्हाला त्यातलं काय कळणार?" दुसऱ्या दिवसापासून मुलगा काट्यावर दिसला नाही. पुढे पंखा साफ झाला, खोलीला एसी लागला, सर्व्हर बंद पडायचा थांबला. मुलाला परत कुणी बोलावलं नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा चहा मागवला गेला.

म्हणजे लॉग वाचून उपयोग काय झाला, असं तुम्ही म्हणाल. मलाही तो प्रश्न पडतो. पण मी वाचला नसता, तर त्याने काही केलं नव्हतं हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. हे मला पुरेसं वाटतं. मग कधी कधी अजिबात वाटत नाही.

आणि ज्याला तुम्ही माझा हट्ट म्हणता, तो टेलला (लॉगच्या शेवटच्या ओळी दाखवणाऱ्या आज्ञेला) मोठा एफ लावण्याचा, त्यालाही कारण आहे. लॉग फार वाढू नये म्हणून लॉगरोटेट हा प्रोग्राम जुन्या फाइलचं नाव बदलतो आणि नवी फाइल सुरू होते. छोटा एफ जुन्या फाइललाच धरून बसतो. पडदा शांत होतो, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि चुका नव्या फाइलमध्ये साचत राहतात. मोठा एफ नावाच्या मागे जातो. रात्री चालू ठेवायचं असेल तर हा फरक लहान नाही.

नवा होतो तेव्हा मी छातीठोक सांगायचो की लॉग खोटं बोलत नाही. आता तसं म्हणवत नाही. ज्याच्याकडे रूट, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार, आहे तो ओळ पुसू शकतो. घड्याळ चुकलेलं असलं की वेळाही चुकतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने जे नोंदवायला सांगितलं तेवढंच नोंदलं जातं. म्हणून आता मी आरसिस्लॉग या लॉग पाठवणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक ओळीची प्रत लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवतो. परवा एका शिकाऊ मुलीने विचारलं, "पण सर, त्या दुसऱ्या मशीनचं रूट कुणाकडे आहे?" माझ्याकडेच आहे. ते कुणाकडे द्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.