तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ती मुलं गुन्हेच जास्त करत असतील ना?’

मी अमेरिकेत अल्पवयीन आरोपींची वकिली करते हे कळलं, की पुण्यात आत्याकडे असो वा इथल्या मंडळाच्या गणपतीत, एक प्रश्न ठरलेला असतो. ‘तुमच्या कोर्टात काळी मुलं एवढी दिसतात, म्हणजे गुन्हेही तीच जास्त करत असतील ना?’ उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

२०१९ मध्ये देशभरातल्या जुवेनाइल कोर्टांत सुमारे ७ लाख २२ हजार प्रकरणं आली. त्या वयोगटात कृष्णवर्णीय मुलं १५ टक्के, प्रकरणांत मात्र ३५ टक्के. गंभीर हिंसक गुन्ह्यांपुरतं बोलायचं तर या तफावतीचा काही भाग गुन्ह्यांच्या प्रमाणातूनच येतो, हे मी नाकारत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गरिबीत ठेवलेल्या वस्त्यांत बंदुका आणि मारामाऱ्या जास्त आहेत. पण अशी प्रकरणं एकूणात थोडी. माझ्याकडे बहुतेक पोरं येतात ती धक्काबुक्की, दुकानातली भुरटी चोरी, गांजा असल्या कारणांनी. नाव न सांगता घेतलेल्या सर्वेक्षणांत मुलं स्वतः जे सांगतात, त्यावरून अमली पदार्थांच्या बाबतीत गोरी मुलं मुळीच मागे नाहीत. पण ज्या शाळेच्या दारात पोलीस बसलेला असतो, तिथल्या मुलाला बेड्या पडतात. जिथे तो नसतो, तिथे तेच भांडण मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटतं.

आणि अटक ही नुसती सुरुवात. लोकांना वाटतं सगळं न्यायाधीशाच्या हातात असतं. प्रत्यक्षात बरंचसं त्याच्यापुढे फाइल जाण्याआधीच ठरतं. इनटेक नावाची एक पायरी असते. तिथे समज देऊन सोडायचं, समुपदेशनाला पाठवून कोर्टाबाहेर मिटवायचं की रीतसर खटला भरायचा, याचा विचार होतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, करतो. भेटीची वेळ कामाच्या दिवशी, सकाळी दहाची. एका मुलाचे वडील रजा टाकून येतात, सोबत वकील आणि थेरपिस्टचं पत्र. (हे वडील कधी कधी आपल्यातलेच, मराठी असतात, आणि त्यांच्या मुलाचं प्रकरण तिथेच मिटतं.) दुसऱ्या मुलाची आई गोदामात पाळीवर, तिचा फोन लॉकरमध्ये. तिच्या मुलाच्या फायलीत ओळ पडते, ‘पालकांचं सहकार्य नाही’. ती आई संध्याकाळी सात वाजता मला फोन करून रडत विचारते, ‘मी येणार नाही असं कधी म्हटलं?’ पण ओळ पडलेली असते, आणि पुढच्या प्रत्येक टेबलावर ती आधी वाचली जाते.

या लेखी अहवालांवर जॉर्ज ब्रिजेस आणि सारा स्टीन या संशोधकांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वॉशिंग्टन राज्यातल्या प्रोबेशन ऑफिसरांनी मुलांबद्दल काय लिहिलं, ते त्यांनी तपासलं. गोऱ्या मुलाच्या गुन्ह्याचं कारण बहुधा बाहेर शोधलेलं असे: घरातली भांडणं, वाईट संगत. कृष्णवर्णीय मुलाच्या बाबतीत ते त्याच्या स्वभावात सापडे: बेपर्वा आहे, पश्चात्ताप नाही. ज्याच्या स्वभावातच खोट आहे असं लिहिलं, तो पुन्हा गुन्हा करील असंही मग सहज लिहिलं जातं. ऑफिसर जाणूनबुजून अन्याय करतो असं मी म्हणत नाही. मला भेटलेले बहुतेक जण मुलांच्या काळजीनेच या कामात आलेत. म्हणूनच हे मला जास्त बोचतं.

खटल्याआधी मुलाला कोठडीत ठेवायचं का, यासाठी अनेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) गुणांचा तक्ता असतो. मागे किती वेळा पकडला गेला, तारखेला गैरहजर होता का, असे रकाने. वंशाचा रकाना त्यात नाही. पण ज्या गल्लीत गस्त जास्त, तिथल्या मुलाचे ‘मागचे’ गुण आपोआप जास्त. कोठडीत गेलेल्या मुलाची शाळा बुडते, आणि पुढे घरापासून दूर पाठवलं जाण्याची शक्यताही वाढते. २००० नंतर सुधारगृहांतल्या मुलांची संख्या प्रचंड घटली, लाखाच्या वरून २०२१ पर्यंत २५ हजारांच्या आसपास आली. याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही २०२१ मध्ये कृष्णवर्णीय मूल तिथे असण्याची शक्यता गोऱ्या मुलाच्या चौपटीहून जास्तच होती.

‘मग करायचं काय?’ हा पुढचा प्रश्नही ठरलेला. तर ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहर ज्या मल्टनोमा काउंटीत येतं, तिथे १९९० च्या दशकात हा तक्ताच बदलला. ‘चांगलं कुटुंब’ असण्याचे गुण काढून टाकले आणि मुलाला तारखेला हजर करण्याची जबाबदारी घेणारं कुणीही मोठं माणूस आहे का, एवढंच विचारलं. आजी चालते, मामा चालतो. टोळीशी संबंध असल्याच्या संशयाचे गुणही गेले. कोठडीत जाण्यातली गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांमधली तफावत तिथे जवळजवळ मिटली. आमच्या काउंटीच्या तक्त्यात आई किंवा वडील, एवढंच अजून छापलेलं आहे. तिथे ‘आजी’ लिहिता यावी, यासाठी आम्ही काही वकील सध्या भांडतो आहोत.