त्या ३३ महिन्यांच्या अलीकडे आणि पलीकडे

कोल्हापूरला गेले की हा प्रश्न येतोच. मागच्या खेपेला मामींनी विचारला, त्याआधी आमच्या जुन्या नाटकाच्या ग्रुपमधल्या एकाने. इथे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीतही दर वर्षी कुणीतरी विचारतं. “अगं, आपलं केशवराव जळालं, आणि तू न्यूयॉर्कच्या कुठल्या नाइटक्लबवर मराठी विकिपीडियात लेख लिहीत बसतेस? एवढ्या रात्री त्याच्यावर घालवायच्या?”

केशवराव म्हणजे कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४मध्ये आगीत सापडलेलं. विचारणाऱ्याच्या आवाजातला राग मला कळतो, कारण तो केशवरावच्या प्रेमातून येतो आणि ते प्रेम मलाही आहे. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते.

आधी एक गोष्ट. तो नाइटक्लब नाही, नाट्यगृह आहे. मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवे आणि आठव्या ॲव्हेन्यूच्या मधे, २५४ वेस्ट ५४व्या रस्त्यावर. जगाला ते ‘स्टुडिओ ५४’ म्हणून माहीत आहे, आणि हे नाव घेतलं की डिस्को, नट-नट्या, दाराबाहेरची झुंबड एवढंच डोळ्यांपुढे येतं. ज्या क्लबमुळे हे सगळं आठवतं तो एप्रिल १९७७ ते फेब्रुवारी १९८० असा चालला. ३३ महिने. इमारत १९२७ची आहे.

मी तिथे पहिल्यांदा गेले १९९९ साली. कामासाठी अमेरिकेत येऊन वर्षही झालं नव्हतं. त्याआधी कोल्हापुरात स्पर्धेच्या नाटकांना दिवे करायचे. केशवरावच्या डिमरवर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर, बसून तालमींच्या कित्येक रात्री काढल्या. दिवे करणारं माणूस कुठल्याही नाट्यगृहात शिरलं की आधी वर बघतं. तसं मीही बघितलं. बाल्कनीतलं स्वस्तातलं तिकीट होतं आणि प्रयोग होता ‘कॅबरे’चा. बर्लिनमधल्या एका नाइटक्लबात घडणारं नाटक, म्हणून खाली खुर्च्यांच्या रांगांऐवजी छोटी टेबलं मांडलेली. नाट्यगृहाचा क्लब झाला होता, क्लबचं परत नाट्यगृह झालं होतं, आणि आता ते नाट्यगृह क्लबची भूमिका करत होतं. मध्यंतरात मी जागची हललेच नाही. या भिंतींनी आणखी काय काय पाहिलं असेल, तेवढंच डोक्यात घोळत राहिलं.

पुढे काही वर्षांनी मराठी विकिपीडियावर लिहू लागले तेव्हा पहिल्या काही लेखांत हा एक होता. आठ वाक्यांचा. त्यातली सात डिस्कोवर आणि एक ‘पूर्वी येथे नाट्यगृह होते’ एवढंच. सातांतलं एक वाक्य घोड्याचं होतं: मे १९७७मध्ये बियांका जॅगर (गायक मिक जॅगरच्या तेव्हाच्या पत्नी) आपल्या वाढदिवसाला पांढऱ्या घोड्यावर बसून क्लबमध्ये आल्या. मी ते दहा ठिकाणी वाचलं होतं. दहा ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार, असं धरून चालले.

एके दिवशी लेखाच्या चर्चापानावर कुणीतरी दोनच शब्द लिहिले: ‘घोड्याचा संदर्भ?’

संदर्भ शोधायला बसले आणि २०१५ साली स्वतः बियांका जॅगर यांनी ‘फायनान्शिअल टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रापाशी पोचले. त्यात त्यांनी स्पष्ट केलं होतं की आपण घोड्यावरून आत आलोच नाही. क्लबमध्ये पायी आलो, घोडा आधीपासून आत होता, त्यावर थोडा वेळ बसलो. फोटो निघाला तो तेव्हाचा. पुढच्या सगळ्या वर्षांत सांगणाऱ्यांनी त्या घोड्याला दारातून आत आणलं. एका हयात बाईबद्दल, तिने जाहीरपणे नाकारलेली गोष्ट मी माझ्या भाषेत, माझ्या हाताने आणखी एका ठिकाणी पसरवली होती. मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून वाक्य दुरुस्त केलं आणि उरलेली सातही तपासायचं ठरवलं. तिथून हे काम सुरू झालं.

लिंकन सेंटरला न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची प्रयोगकलांची शाखा आहे. तिथे जुन्या नाटकांची कात्रणं, फोटो, कार्यक्रमपत्रिका मागवून बघता येतात. शनिवारी सकाळची बस धरायची, दुपारपर्यंत वाचायचं, संध्याकाळी परत. त्या वाचनातून इमारत हळूहळू उभी राहत गेली.

फॉर्च्युन गॅलो नावाचा इटलीतून आलेला गृहस्थ सॅन कार्लो ऑपेरा कंपनी चालवायचा. गावोगाव फिरणारी कंपनी. आपल्या संगीत मंडळींसारखं बिऱ्हाड पाठीवर, आणि मालकाच्या मनात एकच इच्छा: आपलं स्वतःचं थिएटर असावं. वास्तुरचना युजिन डी रोझा यांची. ८ नोव्हेंबर १९२७ला ‘गॅलो ऑपेरा हाऊस’चा पडदा उघडला तो ‘ला बोएम’ या ऑपेराने. दोन वर्षांत हातातून गेलं. फिरती कंपनी चालवणं आणि एक वास्तू चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत; आपल्याकडच्या किती कंपन्या कर्जात बुडाल्या ते आठवलं की गॅलोचं दुःख परकं वाटत नाही. १९३०मध्ये नाव झालं न्यूयॉर्कर थिएटर. तेही फार चाललं नाही.

मग आलं १९३३. त्या डिसेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि त्याच महिन्यात बिली रोझ या निर्मात्याने इथे ‘कॅसिनो द पारी’ सुरू केलं. खुर्च्या गेल्या, जेवणाची टेबलं आली, रंगमंचावर नाचगाणी. म्हणजे ही इमारत पहिल्यांदा नाइटक्लब झाली ती डिस्कोच्या चव्वेचाळीस वर्षं आधी! हे वाचलं तेव्हा मी जिथे बसले होते त्या दालनाचं नाव आहे बिली रोझ थिएटर डिव्हिजन. त्याच माणसाच्या नावाचं. रोझ १९३४मध्येच तिथून बाहेर पडला, पण माझ्या लेखाची मांडणी त्या एका कात्रणाने बदलली. तोवर माझ्या डोक्यात ‘आधी नाट्यगृह, मग नाइटक्लब’ अशी सरळ रेघ होती. प्रत्यक्षात ही वास्तू पहिल्यापासून दोन्हींमध्ये ये-जा करत आली आहे.

मंदीच्या काळात सरकारी योजनेतून इथे संगीताचे कार्यक्रम झाले. १९३९मध्ये ‘स्विंग मिकाडो’ हे कृष्णवर्णीय कलावंतांचं संगीत नाटक शिकागोहून इथे आलं. मग सीबीएस या प्रसारण कंपनीने जागा घेतली, आधी रेडिओसाठी, पुढे टेलिव्हिजनसाठी, आणि नाव दिलं ‘स्टुडिओ ५२’. हा ५२ रस्त्याचा नाही. कंपनीच्या स्टुडिओंच्या क्रमातला तो आकडा. स्टुडिओ ५० जवळच होता, आजचं एड सलिव्हन थिएटर. रस्त्यावरून नाव आलं ते १९७७ला, ५४. माझ्या जुन्या लेखात याही बाबतीत घोळ होता. १९५५पासून गाजलेली ‘६४,००० डॉलरचा प्रश्न’ ही प्रश्नमंजूषा इथूनच प्रसारित व्हायची. तीसेक वर्षं ही वास्तू स्टुडिओ म्हणून जगली, क्लबच्या दहापटीहून जास्त काळ, आणि लोकांना ती वर्षं आठवतही नाहीत.

आता क्लबबद्दल. मी डिस्को पुसून टाकायला निघालेय असं काहींना वाटतं. उलट, क्लब मला खरा समजला तो नाट्यगृह समजल्यावर.

स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर या दोघांनी सुमारे ४ लाख डॉलर खर्चून, काही आठवड्यांत जागा तयार केली. शहरात तेव्हा डिस्को पुष्कळ होते. यांनी वेगळं काय केलं? नाटकवाले बोलावले. दिव्यांसाठी ज्यूल्स फिशर आणि पॉल मॅरँट्झ आले. फिशरला त्याआधीच नाटकाच्या प्रकाशयोजनेसाठी टोनी पुरस्कार मिळालेला होता. रंगमंचाच्या वर दोर-वजनांची यंत्रणा होती, ज्यावर अख्खे देखावे टांगून वर ओढून घेतात आणि प्रवेश बदलला की खाली सोडतात. सीबीएसने टाकलेल्या वीजवाहिन्या होत्या. हे दोन्ही आयतं मिळालं. म्हणून नाचणाऱ्यांच्या डोक्यावर दिव्यांचे खांब खाली यायचे, वर जायचे, देखावे बदलायचे. नाचायला येणारा माणूस थेट प्रयोगाच्या मधोमध उभा असायचा आणि बाल्कनीतले लोक बसून त्याला बघायचे. दारावर रुबेल कुणाला आत सोडायचं ते निवडायचा, त्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय आणि ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्यासाठी ते क्रूर होतं. पण नाटकवालीला त्यात पात्रनिवड दिसते. आजच्या रात्रीच्या प्रयोगात कोण दिसावं, ते ठरवणारी.

दोर-वजनांच्या यंत्रणेबद्दलचा परिच्छेद लिहायला मला तीन आठवडे लागले. आपल्याकडच्या बहुतेक नाट्यगृहांत पडदे ओढायचे आणि सेट ढकलायचे. अख्खा देखावा उचलून घेता येईल एवढी उंची रंगमंचावर नसते. त्यामुळे रोजच्या वापरातला मराठी शब्दही नाही. मी शब्द घडवला नाही. काय होतं ते साध्या भाषेत सांगितलं: दोराच्या एका टोकाला देखावा, दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन, म्हणून एक माणूस भिंत उचलू शकतो. सांगलीतल्या एका मुलाने चर्चापानावर लिहिलं की आता कळलं. माझ्या सगळ्या शनिवारांची ती भरपाई होती. आणखी एक अडचण ‘थिएटर’ या शब्दाची. आपल्याकडे थिएटर म्हटलं की आधी सिनेमा, म्हणून पूर्ण लेखात जिथे नावाचा भाग नाही तिथे ‘नाट्यगृह’च ठेवलं.

धाड, खटला आणि शिक्षा या भागाला मी दोन परिच्छेदांपेक्षा जास्त जागा दिली नाही. डिसेंबर १९७८मध्ये करखात्याची धाड पडली, दोघांनी करचुकवेगिरीची कबुली दिली, जानेवारी १९८०मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. रुबेल १९८९मध्ये वारला. श्रेगरला जानेवारी २०१७मध्ये अध्यक्ष ओबामांनी माफी दिली. ही शेवटची ओळ लोक गाळतात आणि मी ती मुद्दाम ठेवली आहे. माणूस जिवंत आहे, त्याच्याबद्दलची गोष्ट मधेच तोडली तर ती खोटी होते.

नंतरची हकीकत एका अपघातावर वळते. जुलै १९९८मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ एका बांधकामावरचा मनोरा कोसळला, शेजारचं हेन्री मिलर्स थिएटर बंद ठेवावं लागलं, तिथे चाललेल्या ‘कॅबरे’ला जागा हवी झाली आणि नोव्हेंबरात ते स्टुडिओ ५४मध्ये आलं. तात्पुरता मुक्काम जानेवारी २००४पर्यंत लांबला. राउंडअबाउट थिएटर कंपनीने २००३मध्ये सव्वादोन कोटी डॉलरला इमारतच विकत घेतली. तेव्हापासून ते पुन्हा रीतसर नाट्यगृह आहे. ज्या तळघरात क्लबचे खास पाहुणे बसायचे तिथे २०१२पासून गाण्याच्या मैफली होतात.

मी आजवर तिथे अकरा नाटकं पाहिली. छताची नक्षी, बाल्कनीच्या कठड्याचं वळण, सगळं पाठ आहे, तरी त्यातलं एक अक्षर लेखात नाही. स्वतः पाहिलेलं लिहायचं नाही, छापून आलेलंच, आणि कुठे छापलंय ते दाखवून लिहायचं, हा विश्वकोशाचा नियम आहे. सुरुवातीला तो मला जाचायचा. घोड्यानंतर पटला.

तर मग केशवराव? ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आग लागली. फोनवर ज्वाळा बघताना मी न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात उभी होते आणि डिमरची जागा कुठे असेल ते त्या धुरात शोधत होते. त्या आठवड्यात नेटवर केशवरावबद्दल जेवढं लिहिलं गेलं, त्यात आगीचंच जास्त. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाच्या शेजारी १९१५ साली उभं केलेलं ते पॅलेस थिएटर. त्याच्या शंभरावर वर्षांवर आता ती एक रात्र बसणार, जसे चोपन्नाव्या रस्त्यावर ते ३३ महिने बसले आहेत, ही भीती मला लगेच वाटली. ती ओळखता आली, कारण तोपर्यंत मी तेच दुसऱ्या एका इमारतीवरून बाजूला सारत होते. तिथे कात्रणं मागितली की टेबलावर येतात, म्हणून तिथे शिकता आलं. कोल्हापूरची कात्रणं लोकांच्या घरात आहेत.

मामींना हे सगळं मी असंच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. सासऱ्यांची कागदपत्रं, आणि त्यात घडी पडलेलं एक गुलाबी हस्तपत्रक. नाटकाचं नाव होतं तो कोपरा वाळवीने नेलाय. खाली छापलंय: ‘पॅलेस थिएटर, कोल्हापूर. शनिवार ता. २१ जानेवारी, रात्रौ ९॥ वाजता.’ साल नाही. थिएटरचं नाव बदललं १९५७ला, म्हणजे त्याआधीचं. १९१५ ते १९५७ यांत २१ जानेवारीला शनिवार सहा वेळा येतो: १९२२, १९२८, १९३३, १९३९, १९५० आणि १९५६. डिसेंबरात तीन आठवडे जाणार आहे. सुरुवात करवीर नगर वाचन मंदिरापासून, जुन्या वर्तमानपत्रांच्या नाटकाच्या जाहिराती बघत. तुमच्याही घरात अशी ट्रंक असेल, तर त्याच दिवसांत मला ती खाली उतरवू द्या.