हंड्यावरचं नाव

गेल्या रविवारी भाचीला घेऊन पांडवलेण्यांवर गेले होते. पाऊस नुकताच संपलेला, डोंगर अजून हिरवागार, आणि पायऱ्या चढताना ती सारखी विचारत होती की मावशी हे भिंतीवर लिहिलंय काय, आणि लिहिलंय तर मग वाचता का येत नाही. ब्राह्मी लिपी आहे, भाषा प्राकृत आहे एवढं सांगितलं. मग तिला ८ नंबरच्या लेण्याकडे नेलं, कारण ते माझं सगळ्यात आवडतं. तिथे एक छोटीशी ओळ आहे, दासक मुगूदासाने सहपरिवार हे लेणं दान दिलं. दासक म्हणजे कोळी असा अर्थ अभ्यासकांनी लावलाय. म्हणजे बघा, मासे धरणारा एक माणूस, राजा नाही, सरदार नाही, पण जवळजवळ दोन हजार वर्षं त्याचं नाव नाशकात टिकून आहे. आणि ज्यांनी छिन्नी-हातोडा घेऊन हा अख्खा कातळ फोडला त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

३ नंबरच्या लेण्यात तर मी दरवेळी थांबते. गौतमीपुत्र सातकर्णी आपण शाळेत शिकलो, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं वगैरे, पण ते आपल्यापर्यंत आलं कुठून तर ह्याच भिंतीवरून, आणि ते कोरून घेतलं त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी. त्यात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते, आणि मुलाच्या पराक्रमांच्या त्या भल्यामोठ्या यादीत तो आईची सेवा करणारा होता हेही न विसरता घालते. मला ते वाचून दरवेळी भरून येतं. राजा मोठा होताच, पण त्याच्या मोठेपणाबद्दल एका म्हाताऱ्या बाईने लिहून ठेवायचं मनावर घेतलं म्हणून तो आपल्याला कळला.

मला हेच वाटतं हल्ली. नुसतं मोठं काम करून भागत नाही, ते नोंदवून ठेवणारं कुणीतरी पाठीशी लागतं. शिवाय दगड लागतो, पैसा लागतो, लिहिता येणारा हात लागतो, आणि ज्यांच्याकडे ह्यातलं काहीच नव्हतं ती माणसं गेली ती गेलीच.

खाली उतरलं की लगेच फाळके स्मारक. दादासाहेब आपल्या त्र्यंबकेश्वरचे, १९१३चा राजा हरिश्चंद्र सगळ्यांना पाठ. पण त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? फिल्मला भोकं पाडणं, ती डेव्हलप करणं, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, आणि पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिने काढून देणं, हे सगळं त्या माउलीने केलं. भाचीने त्यांचं नाव पहिल्यांदाच ऐकलं, आणि ती नाशिकमध्येच वाढलीये.

गावातही तेच. क्रांतिकारक अनंत कान्हेरेंचं नाव मैदानाला आहे पण आपण सगळे म्हणतो गोल्फ क्लबवर भेटू. आणि त्यांच्यासोबत १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे? मैदानावर रोज चालायला येणाऱ्या किती जणांना ही दोन नावं सांगता येतील? फाशीचा दोर तर तिघांना सारखाच होता.

घरी आल्यावर भाचीने सरळ विचारलं, आपल्या पणजीचं नाव काय होतं. माझ्या आजीची आई, म्हणजे तिची खापरपणजी खरं तर. आम्ही सगळे तिला मोठीआई म्हणायचो. आई म्हणाली सीताबाई. मग जरा थांबून म्हणाली, ते सासरचं, माहेरचं नाव मला नाही माहीत गं.

मला एकदम माळ्यावरचा मोठीआईचा पितळी हंडा आठवला. स्टूल लावून खाली काढला, धूळ पुसली, उजेडात खिडकीपाशी धरला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, अर्धं झिजलेलं. चि. सौ. कां. द्वारका हिस मामांकडून. चि. सौ. कां. म्हणजे अजून लग्न लागायचं होतं, म्हणून तिचं स्वतःचं नाव त्या हंड्यावर राहिलं. भांडी बाजारातल्या कुणा कारागिराने दोन मिनिटांत ठोकून दिलं असेल ते. आमच्या घरात कुठल्याच कागदावर द्वारका नाही, ना फोटोमागे, ना शाळेच्या दाखल्यावर, शाळेतच गेली नव्हती ती. नऊ बाळंतपणं, चार मुलं जगली, दुष्काळात शेजारच्या दोन पोरांना पण तिनेच सांभाळलं असं आजी सांगायची.

आईने बोटाने ते ठिपके चाचपले आणि द्वारका, द्वारका असं दोनदा म्हणाली. भाचीने कागद ठेवून वरून पेन्सिल घासून नाव उमटवून घेतलं, त्यात द्वा अगदी स्पष्ट आलाय, का मात्र जवळजवळ गेलाय. दरवर्षी दिवाळीला आपणच चिंच लावून घासघासून तो घालवत आलोय. ह्यावेळी आईने कामवाल्या ताईंना सांगून ठेवलंय की हंडा आतून घासा, बाहेरच्या ह्या बाजूला हात लावू नका.