स्प्रेची सवय लागत नाही का?

कुणाकडे मुक्कामाला गेलो आणि सकाळी बॅगेतून नाकात मारायचा अ‍ॅलर्जीचा स्प्रे काढला, की हा प्रश्न येतोच. परवा इंदिरानगरला मावशीने चहा गाळता गाळता विचारलं, "अरे, रोज मारतोस? सवय लागेल ना!" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

सवय लागते, पण दुसऱ्याच बाटलीची. मेडिकलमधून आपणच मागून आणतो ते नाक मोकळं करायचे थेंब. आत ऑक्सिमेटाझोलिन नाहीतर झायलोमेटाझोलिन. नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या त्याने आकसतात आणि काही मिनिटांत वारं खेळायला लागतं. तीन-पाच दिवस ठीक. त्यापुढे रेटलं, की असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग परत थेंब. मी आठ महिने रेटलं. एक बाटली खिशात, एक उशीखाली, एक स्कूटरच्या डिकीत. पंचवटीत एका लग्नाला खिशातली बाटली नेमकी घरी राहिली. नाक बंद, तोंडाने श्वास घ्यायचा की घास गिळायचा तेच कळेना, जिलबीला चव नाही. शेवटी पंगतीतून उठून मालेगाव स्टँडकडे मेडिकल शोधत निघालो. दारूचं व्यसन असलेला माणूस निदान लपूनछपून तरी जातो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी थेंब बंद केले आणि हा स्प्रे दिला. मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. नाव ऐकून आईने कपाळाला हात लावला. पण तो नाकातच काम करतो, रक्तात अगदी नगण्य उतरतो, आणि थेंबांसारखं नाक उलटतही नाही. त्याची खोड एकच: तो सावकाश चालतो. पुरता गुण यायला दोन आठवडेही लागतात. तिसऱ्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून फेकून देणारे मी किती पाहिलेत! थेंब सोडल्यावरचे पहिले काही दिवस मात्र मी बसून झोपलो, हेही खरं.

मारायची पद्धतही मला महिनाभर चुकीचीच येत होती. नळी सरळ मधल्या पडद्यावर धरायचो, मग बेसिनमध्ये रक्त. मान थोडी खाली, डाव्या नाकपुडीला उजवा हात, नळीचं तोंड त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात.

आता मुळावर येतो, म्हणजे अ‍ॅलर्जी नेमकी कशाची. पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर माजणाऱ्या गाजर गवतावर माझा संशय होता. आईचा थंडीवर. हाताच्या त्वचेवर चाचणी करायची ठरली. आधी आठवडाभर सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी बंद, कारण ती गोळी पोटात असली की चाचणी खोटं बोलते. संशयित गोष्टींच्या अर्काचा एकेक थेंब हातावर ठेवून सुईने हलकं टोचलं. पंधरा-वीस मिनिटांत गाजर गवताची जागा तशीच आणि शेजारी गांधीलमाशी चावल्यासारखा फुगवटा: धुळीतले सूक्ष्म किडे, डस्ट माइट. डोळ्यांना न दिसणारे. आपल्याच अंगाची गळलेली कातडी खातात आणि गादी-उशीत सुखाने नांदतात. त्यांच्या विष्ठेलाच शरीर शत्रू समजतं, हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं आणि मग शिंका.

तेव्हा उजेड पडला. नाशिकला थंडी पडली की माळ्यावरच्या ट्रंकेतून आईने शिवलेली गोधडी उतरते, आजीच्या लुगड्यांची. वर्षभर बंद पडलेली. पहिल्याच सकाळी मुलगी माझ्या शिंका मोजायला बसते, "बाबा, अठरा!" उन्हात टाकून काठीने झोडपायचो, म्हणजे किड्यांचा सगळा ऐवज स्वतःच्याच नाकावर घ्यायचो.

आता उशीचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला साठ अंशांच्या गरम पाण्यात. इम्युनोथेरपीचं डॉक्टर सुचवतात, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची; ती तीन ते पाच वर्षं चालते. माझा अजून धीर होत नाही. आणि तुमच्या छातीत शिट्टी वाजत असेल, दम लागत असेल, तर मला विचारत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

गोधडी? ती आईच्या पलंगावर गेली. तिला शिंक येत नाही. रोज रात्री पांघरताना मात्र मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणते, "किडे म्हणे!"