श्वास रोखा, हलू नका

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा फोटो मी काढलेला नाही. तो निघाला तेव्हा मी आडवा होतो, अंगावर हिरवी चादर होती आणि मनगटातून शिरलेली एक बारीक नळी थेट हृदयाच्या दारापर्यंत पोचली होती. शेजारच्या पडद्यावर करड्या रंगात काहीतरी हलत होतं. पानगळ झालेलं झाड डबक्यात दिसावं, तसं. आतून औषध सोडलं की फांद्या काळ्याभोर उमटायच्या आणि दोन-तीन ठोक्यांत पुसल्या जायच्या. एका फांदीवर मात्र शाई संपत आलेल्या पेनासारखी ती रेघ मध्येच बारीक व्हायची. “हे बघा, इथे,” डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, “आणि इथे.” आणि थोड्या वेळानं, “इथेही आहे.”

निवृत्त होऊन मला तेव्हा सात महिने झाले होते. पुढचं सांगण्यात विशेष काही नाही. बायपास झाली. छातीचं हाड कापून पुन्हा तारांनी शिवलं, पायातली एक शीर काढून हृदयाला जोडली आणि मला घरी पाठवलं.

घरी आल्यावर लक्षात आलं की आपण आता बघण्याची वस्तू झालो आहोत. सकाळी उठल्या उठल्या बायको माझ्या चेहऱ्याकडे बघे. चेहऱ्याकडे म्हणजे चेहऱ्याच्या रंगाकडे. भेटायला येणारे आधी माझ्याकडे बघत, मग तिच्याकडे, आणि ‘छान आहे की तब्येत’ असं तिला सांगत. मी जिना चढलो की खाली कोणीतरी मान वर करून उभं. त्या काळात माझी किती चित्रं निघाली याचा हिशेब केला (जन्मभर हिशेबाचंच काम केलं, त्यामुळे खोड जात नाही), तर छातीचे एक्स-रे, इको, अँजिओग्राफी मिळून एक जाडजूड पाकीट भरलं. प्रत्येक वेळी आज्ञा तीच. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा, हलू नका.

कॅमेरा घरातच होता. लेकीनं कधीतरी हौसेनं घेतलेला आणि मोबाइल आल्यावर कपाटात गेलेला. “बाबा, नुसता बसून छताकडे बघतोस, त्यापेक्षा हा बघ,” असं म्हणून तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला. छातीचं हाड भरून येईपर्यंत वजन उचलायला बंदी होती, म्हणून आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन झालं. लेन्ससकट एक किलोच्या आत. बायकोनं मंजुरी दिली. पट्टा गळ्यात घातला तर कॅमेरा नेमका टाक्यांच्या ओळीवर येऊन आपटे. तीन आठवडे त्याच जागी एक उशी होती, कारण खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची असं शिकवलेलं. उशी गेली आणि त्या जागी कॅमेरा आला. शेवटी पट्टा मनगटाला गुंडाळायला लागलो. तेच मनगट, जिथून ती नळी आत गेली होती.

पहिल्या दिवशी मी एकवीस फोटो काढले. त्यातले चार झाकण न काढता. बाकीच्यांत माझा अंगठा बराच आला होता.

माझ्यासारख्याला या विद्येत पहिला धक्का बसतो तो आकड्यांचा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक. त्याचे आकडे असे: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा वाढला की भोक लहान होतं. हे एक वेळ मान्य करू. पण २.८ वरून ४ वर गेलं की प्रकाश बरोबर निम्मा होतो, हे माझ्यातल्या हिशेबनिसाला काही केल्या पटेना. दोन दिवस कागद घेऊन बसलो. मग उलगडलं: हा आकडा व्यासाशी बांधलेला, आणि प्रकाश मोजायचा क्षेत्रफळानं. प्रत्येक आकडा आधीच्याला दोनच्या वर्गमुळानं, म्हणजे साधारण १.४ नं गुणलेला. सगळी जमा-नावे जुळली. रात्री दहा वाजता मी एकटाच हसलो, तर आतून हाक आली, “अहो, काय होतंय? छातीत?”

ज्याच्या छातीतल्या नळ्यांची भोकं नुकतीच बारीक झाली होती, त्या माणसानं भोकाच्या व्यासावर इतकं खूश व्हावं, यातली गंमत मला नंतर कळली. तिथेही हिशेब तोच. व्यास निम्म्यावर आला की वाट पावपट उरते.

या दोन विद्यांचं नातं तसं जुनंच आहे. १८९५ साली राँटगेननं क्ष-किरण शोधले आणि त्याच वर्षी बायकोच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि बोटातली अंगठी. पण मला जवळचा वाटतो तो वेर्नर फोर्समान. १९२९ साली या पंचविशीतल्या डॉक्टरनं स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत सरकवली, ती तशीच आत ठेवून तो एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेला आणि फोटो काढून घेतला. पुरावा हवा ना! वरिष्ठांनी त्याचं कौतुक केलं नाही. १९५६ साली दोघांबरोबर नोबेल मिळालं, तोवर तो हृदयाचा नाद सोडून मूत्रविकारांकडे वळला होता. लोक सेल्फीला नावं ठेवतात तेव्हा मला हा माणूस आठवतो.

तर डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. झपझप आणि न थांबता. कॅमेरा हातात असला की यातलं काहीच होत नाही. एकदा तपासणीला गेलो तेव्हा मी अभिमानानं सांगितलं, “रोज दीड तास बाहेर असतो.” त्यांनी माझा मोबाइल मागितला, पावलांचा आकडा पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. दीड तासात नऊशे पावलं! “तुम्ही चालता की उगवता?” तेव्हापासून तह झाला. सकाळी कॅमेरा घरी, संध्याकाळी बरोबर. साहजिकच सगळ्या बघण्यासारख्या गोष्टी सकाळी घडतात.

शिकायला मी कावळा धरला. रंगीत पक्षी शोधत हिंडायची ताकद नव्हती आणि कावळा स्वतः खिडकीत येत होता. पण कावळ्याचा फोटो काढणं महाकठीण, हे कोणी सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्याला सगळं जग सरासरी करडं वाटतं, आणि समोर काळं आलं की ‘अंधार दिसतोय’ असं ठरवून तो प्रकाश वाढवतो. मग कावळा राखेत लोळून आल्यासारखा दिसतो. त्याला दटावून प्रकाश एक-दोन पायऱ्या खाली आणावा लागतो. पांढऱ्या भिंतीपाशी याच्या बरोबर उलट. महिनाभर झगडल्यावर एका सकाळी तिरप्या उन्हात कावळा वळला आणि त्याच्या मानेवरचा निळा-जांभळा तजेला पिसापिसानं दिसला. इतकी वर्षं मी कावळ्याला काळा समजत होतो. त्या दिवशी मी तीनशे चाळीस फोटो काढले, दोन ठेवले.

हे तीनशे चाळीस मात्र फार उपयोगी पडले. भेटायला येणारा प्रत्येकजण तब्येतीबद्दल एक सल्ला घेऊन येई. कोणाचा काढा, कोणाचं आसन, कोणाच्या साडूनं ऑपरेशन टाळून काय केलं ते. आता कोणी बसलं की मी म्हणतो, “बरं झालं आलात, हे बघा,” आणि कावळा सुरू करतो. पाव तासात खोली मोकळी.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून येत होती, ती म्हणजे श्वास. ऑपरेशननंतर एक प्लास्टिकचं खेळणं देतात. तीन कप्पे, तीन चेंडू. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर तोलून धरायचे. फुंकायचं नाही, ओढायचं. मी ते इतक्या निष्ठेनं केलं की तिसरा चेंडूही शेवटी शरण आला. कॅमेऱ्याचं तंत्र त्याचाच धाकटा भाऊ. कोपर बरगडीला टेकवायचं, श्वास सावकाश सोडायचा, सोडून झाल्यावर जो क्षणभर मोकळा असतो त्यात बटण दाबायचं. खटकन नाही, अलगद. एवढं जमलं की कमी उजेडातही चित्र हलत नाही. बसून काढायचे फोटो मला अजून नीट जमत नाहीत, कारण शीर काढलेला पाय गुडघ्यात दुमडला की ओढ लागते आणि उठताना आधार शोधावा लागतो. त्यामुळे माझ्या संग्रहात गवताच्या उंचीवरून दिसणारं जग नाही. सगळं जग साडेपाच फुटांवरून बघितलेलं.

लेक धीर देताना ज्यूलिया मार्गारेट कॅमरनचा दाखला देते. कलकत्त्यात जन्मलेल्या या बाईंना १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीनं आणि जावयानं कॅमेरा भेट दिला आणि त्यांनी पुढे नाव काढलं. त्यांचे फोटो नीट फोकसमध्ये नसतात अशी ओरड तेव्हाच्या जाणकारांची होती. “बघ, बाबा,” लेक म्हणते. मी म्हणतो, अठ्ठेचाळीस म्हणजे तरुणपण गं. पण फोकसचा मुद्दा मी लक्षात ठेवला आहे. अडचणीच्या वेळी वापरता येतो.

मला स्वतःला ज्या फोटोनं धरून ठेवलं, तो १८३८ सालचा. दागेरनं पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचा उंच खिडकीतून काढलेला. रस्ता गजबजलेला असणार, घोडागाड्या, माणसं. पण तेव्हा एका फोटोला मिनिटं लागत. जो हलला तो उमटलाच नाही, त्यामुळे रस्ता ओसाड दिसतो. फक्त डाव्या कोपऱ्यात एकजण आहे. बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी पाय पुढे करून उभा राहिलेला. माणसाच्या अगदी पहिल्यावहिल्या फोटोंपैकी हा एक, आणि तो का निघाला, तर गडी थांबला होता म्हणून. मी आजारपणात सक्तीनं थांबलो होतो, त्यामुळे हा माणूस मला लगेच आपला वाटला. बरेच दिवस मी त्याच्याकडेच बघत होतो. मग एकदा चित्र मोठं करून पाहिलं, तेव्हा त्याच्या पायाशी वाकलेला दुसरा दिसला. पॉलिश करणारा. तो धड उमटलेला नाही, नुसता एक डाग आहे. त्याचे हात चालू होते ना.

त्यानंतर एकदा सहज माझे सगळे फोटो पहिल्यापासून बघत गेलो. कावळा, भिंती, खिडकीचे गज, पाण्याचे थेंब, लेक, भेटायला आलेले लोक. बायको कुठेच नव्हती. म्हणजे होती, पण एका फोटोत कडेला साडीचा काठ, एकात दाराबाहेर जाणारी पाठ, एकात गोळ्यांचा डबा पुढे करणारा हात. तिला म्हटलं, “जरा बस इथे, फोटो काढू दे.” ती म्हणाली, “आत्ता? हातातलं टाकून?” मग पदर सावरून बसली खरी, पण कॅमेऱ्यात बघून असं हसली की तो फोटो ओळखपत्राला चालला असता.

ऑपरेशनपासून मी वेगळ्या खोलीत, उशांच्या कोटात उताणा झोपतो. कुशीवर वळता येईना तेव्हाची सवय, ती तशीच राहिली. परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून दिवसभराचे फोटो बघत पडलो होतो, मग दिवा मालवला आणि कॅमेरा तसाच पोटावर राहिला. पाऊल वाजलं. बायको दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. मागच्या खोलीतला उजेड तिच्या एका गालावर, उंबऱ्यावर आणि कडीवर पडला होता. डोळे किलकिले करून बघत होतो. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, पांघरुणाकडे बघत होती. वर होतंय का, खाली होतंय का. बघण्याच्या तिच्या पद्धतीवरून कळलं की हे आजचं नाही, रोजचं आहे.

तिला मी इतकी स्थिर कधी पाहिली नव्हती. पोटावरच कॅमेरा हळूच तिच्याकडे वळवला. उजेड फार थोडा, पाव सेकंद तरी लागणार होता. मग शिकल्याप्रमाणे श्वास सावकाश सोडला, तो तसाच रोखून धरला आणि बटण अलगद दाबलं.

पांघरूण थांबलं, तशी ती धावली.

नंतर बराच वेळ मी बोलणी खात होतो. “मस्करी करायची वेळ आहे का ही?” असं म्हणून ती पलंगाच्या कडेला बसली, आणि माझ्या मनगटावर बोटं ठेवून स्वतःच दम खात राहिली. सकाळी फोटो बघितला. दाराची चौकट स्पष्ट आलीय. कडी तर इतकी की तिच्यावरचा गंज मोजता यावा. मधे माणसाच्या उंचीचा एक उजेडाचा फराटा आहे, आणि त्याच्या पुढच्या टोकाला पाच बोटं असावीत असं वाटतं.

ती म्हणाली, “हलला की हो. पुसून टाका.”