हौसाबाई उर्फ इंदूबाई

परवा शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर फौजेच्या पेन्शनचं स्पर्श पोर्टल उघडलं आणि आत्यांचा दुरुस्त झालेला पी.पी.ओ., म्हणजे पेन्शनीचा आदेश, दिसला. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. नोव्हेंबर २०२३ पासून आज फेब्रुवारी २०२५, पंधरा महिने झाले होते. पोरं व्हरांड्यात ओळीनं खिचडी खात बसली होती. मी वर्गात परत जाऊन दार लोटून घेतलं आणि रडले.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या खटावकडं सासूला आत्याच म्हणतात. सासरे फौजेत होते. १९५८ ला भरती, १९७५ ला नायक म्हणून पेन्शनीवर घरी. गावात पेन्शनीवर आलेला प्रत्येक जण 'मेजर' असतो, त्यामुळं त्यांनाही शेवटपर्यंत सगळे मेजरच म्हणाले. २०१८ साली ते गेले. बँकेतल्या तेव्हाच्या साहेबांनी पी.पी.ओ. बघितला, दोघांचं जॉइंट खातं बघितलं, एक प्रतिज्ञापत्र घेतलं आणि आत्यांची फॅमिली पेन्शन सुरू करून दिली. आम्हाला वाटलं, झालं काम.

पुढं बँकेकडची जुनी पेन्शन स्पर्शवर गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये हयातीच्या दाखल्यासाठी आत्यांना घेऊन तालुक्याला गेले. आधी बोटं उमटेनात. साठ वर्षं खुरपं धरलेल्या हातांच्या रेषा मशिनला सापडत नाहीत. शेवटी डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटली, आणि मग केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आधारवर इंदूबाई आहे आणि पेन्शनला हौसाबाई. आणि ह्या आजींचं वय इथं सत्तर दाखवतंय." मी आत्यांकडं बघितलं. पाठीचं धनुष्य झालेलं, डोळ्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा. जन्मसाल तिथं १९५३ होतं.

दाखला लागला नाही. पेन्शन थांबली. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचा कागदी दाखला पाठवून ती पुन्हा सुरू करून घेतली, पण दर वर्षी हेच होणार हे दिसत होतं. शिवाय जन्मसालाची चूक नुसती शोभेची नव्हती. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या बाईला ८० वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या एक तारखेपासून मूळ पेन्शनीच्या २० टक्के जास्त मिळतात, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला दुप्पट. किमान फॅमिली पेन्शन ९००० धरली तरी महिन्याला १८०० रुपये, वर त्यावरचा महागाई भत्ता. त्या एका आकड्यामुळं आत्यांना हे पैसे २०३३ साली सुरू झाले असते. तेव्हा त्या नव्वदीच्या असत्या. असत्या का, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता.

सगळ्यात आधी सासऱ्यांची ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुक मी तोवर कधी नीट वाचलं नव्हतं. त्यात त्यांची उंची आहे, छातीचं माप आहे, डाव्या भुवईवरच्या व्रणाची नोंद आहे, कुठल्या साली कुठली लस टोचली ते आहे. चारित्र्यापुढं 'एक्झम्प्लरी'. समर सेवा स्टार, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल. भरतीच्या वेळी दिलेली जन्मतारीख १ जून १९३९, म्हणजे आमच्याकडं शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांनाच दिलेली तारीख. एवढ्या बारकाईनं ठेवलेल्या पुस्तकात बायकोसाठी एक ओळ. त्या ओळीत 'हौसाबाई'.

"आत्या, हौसा कोण?"

त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मीच की. म्हायेरची."

माझं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली आणि मला हे माहीत नव्हतं. १९६१ ला लग्न झालं तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, इंदुमती. त्या दिवसानंतर घरात कुणी हौसा म्हटलं नाही. रेशन कार्डावर इंदुमती, सात-बारावर इंदुमती, बँकेत आणि आधारवर इंदूबाई. फौजेच्या कागदात मात्र हौसाबाई, कारण लग्नाची खबर सासऱ्यांनी स्वतः पलटणीत दिली होती.

सोल्जर बोर्डात, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, एका सुभेदारसाहेबांनी मला समोर बसवून सगळी साखळी समजावून सांगितली. ती आधी कुणी सांगितली असती तर माझ्या चार-पाच रजा वाचल्या असत्या, म्हणून इथं लिहिते. बँक यात काहीही बदलू शकत नाही. स्पर्शवर पत्ता, मोबाइल नंबर बदलता येतो, पण बायकोचं नाव आणि जन्मतारीख फौजेच्या मूळ नोंदीतून येते. ती नोंद ज्याच्या त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. जवान नोकरीत असताना लग्न, मूल, मृत्यू असं घरात काही झालं की त्याची पार्ट टू ऑर्डर निघते आणि ती त्याच्या शीट रोलला, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रकाला, चढते. दुरुस्ती तिथं मान्य झाली की प्रस्ताव प्रयागराजच्या पी.सी.डी.ए. पेन्शनकडं, म्हणजे फौजेच्या पेन्शनीच्या हिशेबाच्या कार्यालयाकडं, जातो आणि तिथून कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा, पी.पी.ओ. निघतो. साहेब म्हणाले, "ताई, मेजर हयात असते तर त्यांच्या एका सहीच्या अर्जावर निम्मं काम झालं असतं. आता बाईनं स्वतःच सिद्ध करायचं की ती त्यांची बायको."

ते वाक्य मला फार लागलं. चौदा वर्षं दीरांची उसाभर, गुरं, चार पोरं एकटीनं ओढली त्या बाईनं. दोन लढाया झाल्या तेव्हा रेडिओला कान लावून बसली. तिनं आता सिद्ध करायचं. ज्यांच्या घरी फौजेतला माणूस अजून हयात आहे त्यांनी आजच डिस्चार्ज बुक आणि पी.पी.ओ. काढा, बायकोचं आधार शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. माझ्या माहेरी मी त्याच आठवड्यात फोन करून चुलत्यांना हे करायला लावलं.

रेकॉर्ड ऑफिसकडून पहिलं उत्तर आलं ते दोन ओळींचं: उपलब्ध नोंदीनुसार नाव व जन्मतारीख बरोबर आहे. त्यांच्या नोंदीत जे आहे ते त्यांच्या नोंदीप्रमाणे बरोबर. मग फेब्रुवारीत आत्यांच्या नावानं माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, खाली आत्यांचा अंगठा, त्याला साक्षीदार मी. शीट रोल, लग्नाची आणि मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, आणि पेन्शनीला बायकोचं नाव जोडण्यासाठी सासऱ्यांनी दिलेला अर्ज, एवढ्याच्या प्रती मागितल्या. महिन्याच्या आत जाड पाकीट आलं.

त्यात १९५३ चा उलगडा झाला. सासऱ्यांनी पेन्शनीवर आल्यानंतर भरलेला तो अर्ज मराठीत होता. त्यांच्या हातचं ते तिरकं अक्षर मी ओळखते, आमच्या घरी उसाच्या वजनाची वही अजून आहे. जन्मसाल त्यांनी '१९४३' लिहिलंय. पण त्यांचा चार वरून मिटलेला असायचा, घाईत पाचासारखा दिसणारा. कुणीतरी तो इंग्रजी टंकात उतरवताना पाच केला. त्या माणसाला मराठी आकडे येत होते का नव्हते, मला माहीत नाही. आणि त्याच पाकिटातल्या दुसऱ्या कागदावर लिहिलेलं: लग्न १९६१, पहिला मुलगा १९६३. म्हणजे त्यांच्याच नोंदीप्रमाणे आठव्या वर्षी लग्न आणि दहाव्या वर्षी बाळंतपण. हे दोन कागद एकाच फाइलीत शेजारी शेजारी इतकी वर्षं पडून होते आणि कुणालाही खटकलं नाही. पुढच्या अर्जात मी पहिला मुद्दा हाच घेतला, दोन्ही प्रतींवर पेन्सिलीनं खूण करून.

जन्माचा पुरावा ही खरी अडचण. आत्या शाळेत गेल्या नाहीत. आधारवरची १ जानेवारी ही तारीख कॅम्पमधल्या मुलानं नुसतं साल विचारून घातलेली. शेवटी त्यांच्या माहेरच्या गावचा नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, शोधायचं ठरलं. कुणबी नोंदी शोधायला २०२३ पासून सगळीकडं जुनी दप्तरं बाहेर निघाली होती, तहसीलला त्याच कामासाठी माणसांची रांग होती, मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजीही तिथं बसत. त्यांनी भिंग धरून पान पान वाचलं. तिसऱ्या खेपेला नोंद सापडली. १७ नोव्हेंबर १९४३. बापाचं नाव, जात, आणि 'मुलगी'. बाळाचं नाव नाही. तसं लिहीतच नसत, गुरुजी म्हणाले.

मी त्या नक्कलेकडं कितीतरी वेळ बघत राहिले. म्हणजे ज्या महिन्यात मशिननं त्यांना सत्तरीच्या ठरवलं त्याच महिन्यात त्यांना ऐंशी पुरी होत होती.

ती मुलगी म्हणजे आत्याच, याला आत्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे मामांनी, प्रतिज्ञापत्र दिलं: आम्हा भावंडांत बहीण एकच. नक्कलेवरून जन्माचा दाखला, दाखल्यावरून आधारची तारीख, असं एकेक करत गेलो. मधे आमची एक चूक झाली. पहिला प्रस्ताव जूनमध्ये सोल्जर बोर्डामार्फत गेला तेव्हा नावाच्या दुरुस्तीसाठी वर्तमानपत्रात दिलेल्या दोन्ही जाहिरातींत आम्ही 'इंदुमती' छापलं होतं आणि आधारवर होतं 'इंदूबाई'. सगळं परत आलं. तेव्हा आधी एक नाव पक्कं करा, आधार, पॅन, पासबुक त्या एकाच नावावर आणा, आणि मगच प्रतिज्ञापत्राला हात घाला. आम्ही इंदूबाई धरलं. नव्या प्रतिज्ञापत्रात तिन्ही नावं लिहून ती एकाच व्यक्तीची असल्याचं लिहिलं, इंग्रजी आणि मराठी वर्तमानपत्रांत पुन्हा जाहिरात दिली, पोलीस पाटलांचा दाखला जोडला.

तहसीलच्या आवारात नोटरीसमोर अंगठा देताना आत्यांनी विचारलं, "काय लिवलंय त्यात?"

मी वाचून दाखवलं. हौसाबाई, इंदुमती आणि इंदूबाई ही एकच व्यक्ती आहे.

"एकच हाय व्हय," त्या म्हणाल्या, आणि अंगठा पुसत पदराला शाई लावून घेतली.

सप्टेंबरमध्ये दुसरा प्रस्ताव गेला. ऑक्टोबरात एक त्रुटी निघाली, दाखल्याची सत्यप्रत हवी होती. मग काहीच नाही. दर सोमवारी मी पहिला तास सुरू व्हायच्या आधी फोन लावायची. डिसेंबरात रेकॉर्ड ऑफिसातल्या एका क्लार्कनं पहिल्यांदा नीट बोलून सांगितलं की फाइल पुढं गेली. त्यांचा आवाज तरुण होता. मी आभार मानले तर म्हणाले, "माझी आजीपण फॅमिली पेन्शनर आहे." आणि परवा ते पोर्टलवर दिसलं. नोव्हेंबर २०२३ पासूनचा वीस टक्क्यांचा फरक आता निघेल.

संध्याकाळी छापील प्रत घेऊन घरी गेले. आत्या ओसरीवर होत्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांचं बोट धरून एकेका शब्दावर ठेवलं. हे मेजरांचं नाव, हे तुमचं, ही जन्मतारीख. त्यांनी बोट तिथंच ठेवलं आणि विचारलं, "हौसा कुठाय?"

म्हटलं, आत्या, तेच तर काढून टाकायचं होतं.

त्या गप्प बसल्या. मग हळूहळू सांगायला लागल्या. त्यांची सासू म्हणजे त्यांची खरी आत्या, बापाची बहीण. सासरे लहानपणापासून मामाच्या गावाला सुट्टीला यायचे, विहिरीवर पोहायचे, हिला हौसा म्हणून हाका मारायचे. लग्नानंतर चारचौघांत नाव घ्यायची पद्धत नव्हती, पण पलटणीतून पत्र यायचं ते 'चि. सौ. हौसास' असं. शेजारचे तात्या वाचून दाखवायचे आणि पहिल्या ओळीला हसायचे. ती पत्रं ६५ सालापर्यंतची होती, पावसात भिंत पडली तेव्हा गेली.

म्हणजे पलटणीत लग्न कळवताना त्यांनी जे नाव दिलं ते चुकून दिलं नव्हतं. मी पंधरा महिने ज्याला अर्जावर 'नोंदीतील चूक' म्हणून लिहीत आले ते त्यांनी बायकोला ज्या नावानं ओळखलं ते नाव होतं.

आत्यांनी नवा पी.पी.ओ. माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "ह्यो तुज्याकडं ऱ्हाऊ दे. त्यो जुना कागद मला दे."

माहिती अधिकारात आलेली लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरची झेरॉक्स काढून दिली. त्यांनी तिची घडी घातली, ट्रंकेतून मेडलांची मखमली पिशवी काढायला लावली आणि तीत ठेवली. नाडी त्यांनी स्वतः बांधली.